श्रद्धा आणि क्रौर्य : वैद्याच्या दृष्टांताची चिकित्सा



‘करणी कसायाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने केव्हा ना केव्हा ऐकलेली आहे. शाळेत गुरुजींनी ती फळ्यावर लिहिली, म्हणजे वर्गातील उपदेशी घरचे मूल खाली मान घालून बसते. पायाखाली मुंगी सापडू नये म्हणून जपणाऱ्या पंथाचे नाव भाषेने ढोंगाला द्यावे, ही खंत जुनी आहे. त्या म्हणीतील दुसरा पक्ष जो कसाई, त्यालाही आपली बाजू असेल. पण तो विषय आज नाही. म्हण अन्यायाची असली तरी तिच्यात एक खरा प्रश्न दडलेला आहे. वाणी सौम्य, मुखी ईश्वराचे नाम, आणि हाताने क्रौर्य, हे तिन्ही एकाच मनुष्याच्या ठायी नांदतात कसे? केवळ ढोंग म्हणून हा प्रश्न सुटत नाही. ढोंगी मनुष्याला निदान आपण ढोंग करीत आहोत हे ठाऊक असते. अवघड प्रश्न आहे तो प्रामाणिक क्रूराचा.

गेल्या वर्षी वसईजवळील गिरीज येथे एका उपदेशी कुटुंबाच्या घरी सर्वज्ञांनी ससा राखिल्याच्या लीळेचे निरूपण करण्याचा योग आला. निरूपण संपल्यावर एक निवृत्त शिक्षक उठून म्हणाले, “बाबा, ते पारधी पैजेसाठी मारीत होते. त्यांना देव मध्ये आणावा लागला नाही, म्हणून ते समजावणीने वळले. जे देवाचे नाव घेऊन मारतात, त्यांच्यापुढे ही लीळा काय कामाची?” मी त्या वेळी काही सांगितले, पण ते उत्तर नव्हते, हे त्यांना कळले आणि मलाही कळले. प्रस्तुत लेख हा त्या राहिलेल्या उत्तराचा प्रयत्न आहे.

प्रश्न गिरीजलाच यावा हे स्वाभाविक होते. गावाच्या हिरा डोंगरीवर, जिला वज्रगड असेही म्हणतात, दत्तात्रेय प्रभूंचे मंदिर आहे. तेथून खाली वाड्या, चर्चची शिखरे आणि वसईचा किल्ला असा सारा प्रदेश पसरलेला. इ. स. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेईपर्यंत, म्हणजे दोनशे पाच वर्षे, ही भूमी पोर्तुगालच्या राजसत्तेखाली होती. त्या काळात देवालये पडली, उत्सव बंद झाले आणि १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालय बसले. मध्यंतरीची चार वर्षे वगळता हे न्यायालय १८१२ पर्यंत चालू होते. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या न्यायालयाचा वृत्तान्त साधार मांडला आहे, जिज्ञासूंनी तो अवश्य पाहावा. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. आज वसईत जो ख्रिस्ती समाज आहे तो याच मातीचा, याच भाषेचा आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या राजसत्तेचा जाब त्याला विचारणे म्हणजे ज्या दोषाची चिकित्सा करावयाची तोच दोष पुन्हा करणे होय.

त्या दीर्घ इतिहासातील एकच गोष्ट मी विचारासाठी घेतो. चितेची किंवा तुरुंगाची गोष्ट मी घेत नाही, कारण ती ऐकताच आपण दूर सरतो आणि ‘आम्ही तसे नाही’ असे म्हणून मोकळे होतो. मी घेतो ती अनाथ बालकांच्या कायद्याची गोष्ट. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाने आज्ञा काढली, की ज्या हिंदू बालकांना माता, पिता किंवा आजा-आजी कोणी उरलेले नाही, त्यांना गोव्यातील जेझुइटांच्या सेंट पॉल विद्यालयात आणावे, त्यांना बाप्तिस्मा द्यावा आणि त्यांचे शिक्षण करावे. वरवर पाहता ही दयेचीच आज्ञा आहे. निराधार मुलाला अन्न, वस्त्र, विद्या आणि, आज्ञा देणाराच्या श्रद्धेनुसार, नरकापासून सुटका. पण पुढे ‘अनाथ’ या शब्दाचा अर्थ वाढत गेला. बाप वारला की मूल अनाथ ठरू लागले, मग घरी आई जिवंत असो की आजी. पतीच्या निधनाचा शोक संपण्यापूर्वीच आईने मूल लपवावयाचे, नातेवाइकांनी रात्री खाडीपलीकडे पोचवावयाचे, आणि लपविणाऱ्याला शिक्षा व्हावयाची, असे प्रकार त्यामुळे घडले. ज्या संघाकडे ही मुले सोपविली जात, त्याच संघातील फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये मराठी ओवीत ख्रिस्तपुराण प्रसिद्ध केले. मराठी भाषेवर त्यांचे प्रेम किती होते हे आपण जाणतो. एकाच घराच्या एका दालनात भाषेवर इतके प्रेम आणि दुसऱ्या दालनात आईपासून तोडलेले मूल, हे चित्र दुष्ट मनुष्यांचे नाही. म्हणूनच ते अधिक विचार करावयास लावते.

या माणसांनी आपल्या मनाची समजूत कशी घातली? त्यांच्यापाशी एक दृष्टांत होता. चौथ्या-पाचव्या शतकातील त्यांचे थोर आचार्य संत ऑगस्टिन (३५४–४३०) यांनी पाखंडी ठरलेल्या ख्रिस्ती गटावर राजसत्तेने सक्ती करावी की नाही, या वादात आरंभी सक्तीला विरोध केला आणि नंतर तिचे समर्थन केले. समर्थनासाठी त्यांनी वैद्याचे उदाहरण घेतले. वातात बरळणाऱ्या रोग्याला वैद्य बांधून ठेवतो, त्याच्या ओरडण्याकडे लक्ष देत नाही, आणि बरा झाल्यावर रोगीच त्याचे उपकार मानतो. तद्वत् आत्म्याच्या रोगावर थोडी कठोरता ही प्रेमाचीच क्रिया होय. पुढील हजार-दीड हजार वर्षे हा दृष्टांत युरोपच्या धर्मशास्त्रात मार्गदर्शक राहिला. तो जहाजात बसून गोव्याला आला आणि वसईलाही आला.

आपण केसोबासांच्या ‘दृष्टांतपाठा’चे विद्यार्थी आहोत. सर्वज्ञांच्या ११४ दृष्टांतांचा अभ्यास करताना आपल्याला शिकविले जाते, की दृष्टांत ऐकून मान डोलावू नये. दृष्टांत कोठपर्यंत लागतो आणि दार्ष्टान्तिक कोठे त्याच्यापासून सुटते, हे पाहावे. तीच कसोटी या वैद्याला लावून पाहू.

वैद्याला रोगी बोलावतो. वातात असलेला रोगी बोलावू शकत नाही हे खरे. पण तेव्हा त्याचे घरचे बोलावतात, म्हणजे ज्यांना त्याच्या जगण्याची ओढ आहे अशी माणसे. बालकाला नेण्यासाठी आलेल्या अधिकाऱ्याला कोणी बोलावले होते? आईने तर मूल लपविले होते. दृष्टांत येथेच पहिल्यांदा सुटतो. पुढे पाहावे तर वैद्याची विद्या फळावरून तपासली जाते. दहा रोगी दगावले तर गाव त्या वैद्याच्या पायरीवर उभा राहत नाही. ज्या उपचाराचे फळ मरणानंतर मिळावयाचे, त्या उपचाराची परीक्षा येथे कोण करणार? आणि ज्याची परीक्षाच होत नाही असा वैद्य चुकला, तर तो कधीच थांबत नाही. मात्रा लागू पडली नाही की तो मात्रा वाढवितो.

तथापि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो वेगळा भेद. खरा वैद्य रोग्याच्या कण्हण्याला कान देतो. कोठे दुखते, किती दुखते, यावरूनच त्याला रोग कळतो. धर्माच्या नावाने सक्ती करणारा वैद्य ओरडण्यालाच रोगाचे लक्षण मानतो. मूल आईसाठी रडते हा मोह, कैदी गुन्हा नाकारतो हा त्याचा ताठा, स्त्री प्रश्न विचारते ही तिची बहिर्मुखता. एकदा असे ठरले की पीडिताला बोलावयास जागाच उरत नाही. तो ‘नको’ म्हणाला तरी त्यातून ‘अजून हवे’ असाच अर्थ निघतो. क्रौर्य श्रद्धेत शिरते ते या दाराने. द्वेष पुष्कळदा नंतर येतो, कधी येतही नाही.

शार्ल देलाँ नावाचा एक फ्रेंच वैद्य, हा तर प्रत्यक्ष वैद्यच, दमण येथे राहत असताना पकडला गेला आणि गोव्याच्या धर्मन्यायालयात त्याने कैद भोगली. सुटून मायदेशी गेल्यावर १६८७ मध्ये त्याने आपली हकिगत प्रसिद्ध केली. न्यायाधीश त्याच्याशी बोलताना दयेची, वात्सल्याची भाषा बोलत, असे तो सांगतो. त्या न्यायालयाच्या ध्वजावर दया आणि न्याय हे दोन शब्द होते. देहान्ताच्या शिक्षेस पात्र ठरलेल्याला राजाच्या अधिकाऱ्यांकडे सोपविताना, याच्याशी सौम्यतेने वागावे, रक्तपात करू नये, अशी विनंती करण्याची रीत होती. त्या विनंतीनंतर काय होणार हे विनंती करणाराला पूर्ण ठाऊक असे. आपल्या म्हणीचा अर्थ पाहावयाचा असेल तर तो येथे आहे, आणि त्यात मानभाव कोठेही नाहीत.

परंतु वसईची भूमी एवढ्यावर सुटू देत नाही. याच वसईत सोळाव्या शतकाच्या मध्यास गोन्सालो गार्सिया जन्मले. वडील पोर्तुगीज, आई येथील. तरुणपणी ते जपानला गेले, काही काळ व्यापार केला, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात सेवाव्रती बंधू झाले आणि १५९३ मध्ये दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेले. १५९६ च्या अखेरीस हिदेयोशीच्या आज्ञेने त्यांना इतरांसह पकडण्यात आले. आज्ञा नाक आणि दोन्ही कान कापण्याची होती. अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याने ती सौम्य करून डाव्या कानाचा भाग कापविला. मग भर हिवाळ्यात त्यांना गावोगाव मिरवीत नागासाकीपर्यंत चालविले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर दिले. त्यांतील वीस जपानी होते. रोमने १८६२ मध्ये या सर्वांना संत म्हणून घोषित केले, आणि वसईत त्यांच्या नावाचे महाविद्यालय आज आहे. हिदेयोशीला कोणाच्या आत्म्याची चिंता नव्हती. परक्या धर्मगुरूंच्या मागून परके सैन्य येते, ही त्याची शंका होती, आणि पोर्तुगीज व स्पॅनिश साम्राज्यांचा इतिहास पाहता ती निराधार म्हणता येणार नाही. तरीही जे कापले गेले ते कान सैन्याचे नव्हते.

ही कथा वाचताना महानुभाव वाचकाचे मन पैठणला गेल्याविना राहणार नाही. आपल्या परंपरेत सर्वज्ञांच्या श्रीमूर्तीस पैठणच्या सभेच्या निर्णयाने इजा झाली. नासिकाछेदनाचा तो प्रसंग लिहिताना लेखणी अडखळते, आणि त्याच्या पाठांविषयी आपल्या अभ्यासकांत मतभेदही आहेत. या प्रकरणात ज्याचे नाव परंपरा घेते तो हेमाद्री पंडित यादवांचा श्रीकरणाधिप होता. तो अज्ञ नव्हता, भोगी नव्हता. व्रते, दाने, तीर्थे, श्राद्धे यांचा प्रचंड संग्रह जो ‘चतुर्वर्गचिंतामणी’, तो त्याचा. आणि वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वरील ‘आयुर्वेदरसायन’ ही टीकाही त्याचीच. वैद्यकाचा एवढा मर्मज्ञ, धर्माचा एवढा संग्राहक! स्त्रियांना संन्यासाचा अधिकार आणि शूद्रांना मराठीतून ब्रह्मविद्या, हे त्याला समाजाच्या देहातील विकार वाटले असतील तर त्याने काय केले असते? जे वैद्य करतो असे त्याला वाटले, तेच केले. क्योतोत कान आणि पैठणला नाक. मुखावर अशी खूण करण्यात शिक्षेपेक्षा पाहणाऱ्यांना दिलेले औषध अधिक असते.

आपल्या शास्त्रात याला नाव आहे. जीवाला लागलेल्या बंधांत अनादि अविद्या निराळी आणि अन्यथाज्ञान निराळे सांगितले आहे. न जाणणे ही अविद्या. एकाला दुसरे म्हणून जाणणे, आणि आपण जाणले याची खात्री बाळगणे, हे अन्यथाज्ञान. अज्ञानी मनुष्य दुसऱ्याला दुखवील, पण चुकून, थांबविल्यावर थांबेल. अन्यथाज्ञानी मनुष्याला थांबविणे म्हणजे त्याच्या दृष्टीने धर्मकार्यात विघ्न आणणे. ईश्वर न मानणारे यातून सुटले आहेत असेही नाही. कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ज्यांनी लाखो माणसे मारली त्यांनी देवाचे नाव घेतले नव्हते. भावी समाजाचे आरोग्य हेच त्यांचे दैवत होते. वैद्याचा दृष्टांत कोणत्याही देवळात बसतो आणि देऊळ नसेल तेथेही बसतो.

आता आपल्याकडे वळणे प्राप्त आहे. देवताभक्तीने मोक्ष नाही, मोक्ष परमेश्वरापासूनच, असे आपणही म्हणतो. ज्याला सत्य एकच आहे असे वाटते त्याला तो दृष्टांत सहज हाती लागतो. आपण राज्य कधी केले नाही, म्हणून आपले हात स्वच्छ राहिले, असे कोणी म्हणाला तर त्याला रागावू नये. मात्र आपल्या सिद्धान्तात एक अडसर आहे. ज्ञान देणे हा परमेश्वराचा व्यापार होय. एक जीव दुसऱ्या जीवाला ज्ञान देऊ शकत नाही, फार तर निमित्त होतो. ज्याच्या हाती औषधच नाही त्याने रोग्याला बांधून ठेवण्याचे कारण काय? हा अडसर आपण किती वेळा बाजूला सारतो, हे ज्याने त्याने पाहावे. दुसऱ्याचे दुःख पाहून ‘कर्मभोग आहे’ म्हणत पुढे जाणे हा त्याचाच एक प्रकार. कर्मसिद्धान्त स्वतःच्या दुःखाला लावला तर धैर्य येते. दुसऱ्याच्या दुःखाला लावला तर निर्दयता येते. अस्पृश्यता या देशात इतकी शतके टिकली ती काही अंशी याच उलट्या लावणीने.

१७३९ च्या तहात, इतक्या रक्तपातानंतर, चिमाजी आप्पांनी शरण आलेल्या पोर्तुगीजांना कुटुंबकबिल्यासह सन्मानाने जाऊ दिले आणि मागे राहिलेल्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. गंगाजी नाईक अंजूरकर आणि अंताजी रघुनाथ कावळे यांच्यासारख्या माणसांनी धर्मच्छळाची दाद मागितल्यावरून जी मोहीम उभी राहिली, तिच्या शेवटी हे कलम आले याचे महत्त्व आहे. ज्याने सोसले त्याने तेच परत केले नाही. राजनीती म्हणून का होईना, तेवढ्यापुरती साखळी तुटली.

गिरीजच्या त्या शिक्षकांचा प्रश्न मी विसरलेलो नाही. ससा धावत आला आणि सर्वज्ञांच्या मांडीखाली शिरला. मागून कुत्री आणि पारधी आले, त्यांनी ससा मागितला. हा पैजेचा आहे, न दिल्यास आमच्यात शस्त्रे चालतील, असेही त्यांनी सांगितले. येथे लक्षात घेण्याजोगे असे, की ज्यांच्या ठायी सर्व शक्ती त्या स्वामींनी शक्ती वापरली नाही. शाप दिला नाही, नरकाचे भय घातले नाही. रानात राहून गवत खाणाऱ्या, पाणी पिणाऱ्या या जीवाने तुमचे काय केले, एवढेच विचारले. मांडीखाली थरथरत होता तो ससा. पारध्यांना त्याची थरथर स्वामींनी ऐकविली. पारध्यांनी शिकार सोडली ती उपदेशाने कमी आणि त्या ऐकण्याने अधिक, असे मला वाटते. स्वामींनी मग पारध्यांना जाऊ दिले आणि सशालाही जाण्यास सांगितले. देवाचे नाव घेऊन मारणाऱ्यालाही ऐकूच येत नसते. त्याच्या कानात दृष्टांत भरलेला असतो. त्याच्यापुढे ही लीळा कामाची आहे की नाही, याचे उत्तर माझ्यापाशी माझ्यापुरतेच आहे, आणि ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

दीक्षा घेऊन मला चार वर्षे झाली होती. एका आश्रमात लहान मुलांचे पाठांतर माझ्याकडे होते. नवस फेडण्यासाठी आई-बापांनी आणून सोडलेला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा त्यांत होता. दिवे लागले की तो रडू लागे. पाठ येत नसे. मी त्याला उन्हात उभा केला, एक-दोन वेळा जेवण बंद ठेवले, छडी तर रोजची. मला राग येत नसे, हे मी शपथेवर सांगतो. याचा मोह तुटला पाहिजे, आज रडेल तो उद्या आभार मानील, असे मी शांतपणे मनाशी म्हणत असे. त्याचे रडणे मी ऐकत होतो, पण ते रोगाचे लक्षण म्हणून. एका पहाटे तो पळून गेला. त्याला परत आणण्यास मीच गेलो आणि आणले. पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा गेला, तेव्हा मात्र कोणी शोधले नाही. अनाथ बालकांच्या कायद्याविषयी मी प्रथम वाचले तेव्हा मला पोर्तुगीज आठवले नाहीत. आपल्या आश्रमांत आजही लहान वयाची मुले येतात. त्यांतील कित्येक सुखाने वाढतात, विद्वान होतात, हे खरे आहे. त्यांना कोणी विचारले होते का, आणि मोठी झाल्यावर जाण्याची वाट त्यांना मोकळी असते का, हा विषय महंत मंडळींनी एकदा समोर घ्यावा, अशी माझी हात जोडून विज्ञापना आहे.

तो मुलगा मला एकदाच भेटला, वीस-बावीस वर्षांनी, जाळीच्या देवाच्या यात्रेत. मी ओळखले नाही, त्यानेच ओळखले. त्याने रीतीप्रमाणे दंडवत घातला. बरोबर त्याचा पाच-सहा वर्षांचा मुलगा होता. मी त्या मुलाच्या मस्तकावर हात ठेवण्यासाठी पुढे झालो, तेव्हा त्याने काही न बोलता मुलाचा हात धरून त्याला आपल्या दुसऱ्या बाजूला घेतले.